पेवात सोडलेला कंदील

वळसंगात आमच्या दारात पेव हुतं. ज्वारी साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. वरसभर तोंड मिटल्यालं, म्हून आतली हवा इखारी. उगडल्यावर आदी दोरीनं कंदील सोडायचा. इजला तर कुणी उतरायचं न्हाय.

गोऱ्यांचं राज्य संपत आल्यालं. मी तवा आईच्या पोटात. भर दुपारी चळवळीतला एक माणूस घरात शिरला, पोलीस त्येच्या मागावर. आईनं घाईघाईनं पेवाचं तोंड उगडलं, त्येला आत लपवायला. तवर शेजारची मुसलमानाची बाई पळत आली. "मत उतार गे, मरंगा वो!" तिनं कंदील पेटवून सोडला. भप्पकन इजला. मग तिनंच त्येला आपल्या घरात न्हेला, गावाला जायचा आपला बुरखा त्येला घातला आन बैलगाडीत बसवून मंद्रूपच्या बाजाराला धाडला. पोलिसांनी पेवात वाकून बघितलं आन गेले.

आईनं हे मला इतक्यांदा सांगितलं, की मीच तितं उबी हुते आसं वाटतं.

त्या बाईची लेक माज्याच वयाची. दोघींचे नवरे लवकर गेले, दोघी माहेरी परत आलो. दुष्काळात खडी संगं फोडली. एकीला दूध न्हाय आलं तर दुसरीनं पाजलं. त्येचं काय कवतिक न्हाय. जगायचं हुतं.

मग शिनेमावाली पोरगी आली. इंग्रज गेले त्येचा शिनेमा काढायचा म्हणली. लई दिस येत ऱ्हायली. माज्या हातची भाकरी खाल्ली, माज्या मांडीवर निजली. मी शेजारणीला हाक मारली, "तुज्या आईचं तूच सांग की गे." ती म्हणली, "तू बोली तो मैंच बोली समज." मग मीच समदं सांगितलं.

शिनेमा लागल्यावर दोघी यष्टीनं सोलापूरला गेलो. ती ईदचं लुगडं नेसली हुती. पडद्यावर आमची दुपार त्येंनी रात केली हुती. बुरख्यातली बाई आली, पेवाच्या तोंडावर कंदील हलवला आन पोलिसांना खूण केली. माणूस पेवातच धरला, फासावर दिला. मागनं कुणीतरी वरडलं, "हाणा त्या रांडंला!"

शेजारणीचा हात माज्या हातात हुता. तिनं तो काढून घेतला.

यष्टीत एकदाच बोलली, "क्या बोली गे तू उनको?"

"खरं त्येच बोलले."

"फिर?"



घरी आल्यावर माज्या सुनंनं त्या शिनेमावाल्या पोरीला फोन लावून दिला. पोरगी गोडच बोलली. "आजी, तुमच्या गोष्टीवरनंच तर सगळं सुचलं. पण सिनेमात कुणीतरी फितूर लागतोच ना! आणि आम्ही नाव कुठं घेतलंय कुणाचं?"

"मग माज्या आईला करायची हुतीस की फितूर."

ती हसली. "तुम्ही पण ना आजी!"

गावाला वाटलं, शिनेमानं गावाचं नाव झालं. झेंडावंदनाला सरपंचानं मला शाल द्यायची ठरवली. मी गेले ती बोलायलाच. माईक हातात घिऊन सांगितलं, बाई फितूर न्हवती, तिनंच माणूस वाचवला, शिनेमावाल्यांनी खोटं दावलं. मग पुढं बसल्याला एक जण म्हणला, "म्हातारी शेजार संबाळतीया वं!" समदी हसली. मग टाळ्या वाजल्या आन शाल अंगावर घातली.

माईकचा कर्णा शाळंवर हुता. माजं बोलणं शेजारणीच्या घरात ऐकू गेलं आसंल. हसणंबी गेलं आसंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात गेले. तिची सून उंबऱ्यात आली. "अम्मी सोई है," म्हणली.

आत सुपाचा आवाज येत हुता. ज्वारी पाखडायचा तिचा हात मला ठावं हाय. मी जरा वेळ पायरीवर बसले. आवाज थांबंना, तवा उठून घरी आले.