अप्पांच्या कंप्युटरचा पंखा

किस्से म्हणजे पंख्याच्या पात्यावरली धूळ. कुणी आणून टाकत नाही, तरी साचतेच. धारूरात माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान, अन् शेजारी बसवराज अप्पांचं लग्नपत्रिका छापायचं. गावात पहिला कंप्युटर अप्पांनी घेतला. घेतला कसला, राखायला बसले!

*

त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा. मी सातवी नापास, पण वायरींनी मला कधी नापास केलं नाही. पंखा पिवळ्या वायरीवरून काढून कमी व्होल्टच्या लाल वायरीला जोडला. आवाज निम्मा.

अप्पांनी पंख्यापुढं हात धरून बघितला. "निम्मी हवा कुठं गेली बे?"

माझी पिशवी तपासूनच मला सोडलं.

*

मग पंखा कमी-जास्त करायला बटण लावलं. पहिलं रेडिओच्या आवाजाचं, ते धूर सोडून मेलं. दुसरं जाड तारेचं, ते टिकलं. अप्पांनी त्याच्याभोवती एक ते पाच आकडे लिहिले. जेवायला जाताना आकडा तळहातावर लिहून न्यायचे, आल्यावर ताडून बघायचे.

मी रोज गुपचूप एक आकडा सरकवायचो. संशय आला अप्पांकडं टायपिंग करणाऱ्या सुनंदाताईंवर.

*

अप्पांचं गणित साधं होतं. पंखा जोरात, म्हणजे काम जोरात. समोरच्या किराणा दुकानात बसून ते कान देत. ताई बटण पाचावर करून निवांत डबा खायच्या.

अप्पा किराणावाल्याला सांगायचे, "आता कशी घाम गाळायली बघा."

*

तरी संशय जाईना. एक दिवस त्यांनी ताईंना बजावलं, चारच्या आत पंखा थांबला तर उद्यापासून येऊ नका. अन् नेमकं त्याच दुपारी ताईंना अंबाजोगाईला नर्सिंगचा फॉर्म भरायला जायचं होतं, शेवटची तारीख!

पंखा चालू ठेवून जाता आलं असतं, पण आमच्या लाइटचा काय भरवसा? मी पंख्याचा आवाज कॅसेटात भरला, आपोआप बाजू पलटणाऱ्या टेपात नवे सेल घातले, टेप कंप्युटरमागं लावला अन् दाराचा पडदा ओढला. ताई मागच्या दारानं गेल्या.

तीनला लाइट गेली. गिरणी थांबली, रसवंती थांबली, सगळा बाजार गप झाला. अन् त्या शांततेत आमचा पंखा एकटा घुरघुर वाजतोय! लाइटच नाही तर पंखा वाजेल कसा, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

अप्पा उठले. रस्त्याच्या मधोमध येऊन कान दिला. 

अप्पा किराणावाल्याकडं वळले. आवाज भरून आलता.

"साऱ्या गावची लाइट गेली, पण पोरीनं काम सोडलं न्हाई."