मी पाहिलेली मुशी

माझ्या नवऱ्याला हे कधी कळलं नाही. तो गेला, तेव्हाही हे माझ्याजवळच राहिलं. बहिणीला नाही, मुलाला नाही — कुणालाच सांगितलेलं नाही. आता तुम्हाला सांगते आहे. का, ते धड सांगता येणार नाही. थकले आहे, एवढंच समजा.

सोलापुरात राहणाऱ्या बाईचा समुद्राशी संबंध काय? खरं तर काहीच नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल, याची वाट बघण्यात दिवस जातात. पण पोहण्याच्या तलावावर सकाळी बायकांची बॅच असायची, आणि तिथं मी चाळिशीच्या तोंडावर पोहायला शिकले. आमच्या वस्तीतली पोहणारी पहिली बाई मी. विहारात काही कार्यक्रम असला की कुणीतरी हमखास माझ्या पोहण्याबद्दल बोलायचं, आणि मला ते आवडायचं. फार आवडायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या आवडण्यापायीच झालं.

नागमणी मला तलावावरच भेटली. तेलुगू घरातली. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, ही घरी शिवणकाम करायची. माझ्याहून लहान, म्हणून मला शोभाक्का म्हणायची. पहिल्या दिवशी ती पायरीवरच बसून राहिली, पाय तेवढे पाण्यात. मीच तिला हाताला धरून आत आणलं, पोटाखाली हात देऊन तरंगायला शिकवलं. वर्ष-दीड वर्षात ती माझ्या कितीतरी पुढं गेली. ती पोहायला लागली की काठावरच्या बायका बोलायच्या थांबायच्या. मला आनंद झाला का? झाला. पण नुसता आनंदच झाला, असं नाही म्हणता येणार.

मग कळलं की कोकणातल्या एका गावात समुद्रात पोहण्याचा कार्यक्रम आहे. किनाऱ्यावरून निघायचं, आत एक खडक आहे, त्याला वळसा घालून परत यायचं. आमच्या बॅचमधून आम्ही दोघीच तयार झालो. नागमणीनं श्रावणीला, तिच्या मुलीला, बरोबर घेतलं. पोरगी तेव्हा सातवी-आठवीत असेल. आई समुद्र पोहून आली की आपणही शिकायचं, असं मायलेकींचं ठरलं होतं.

आदल्या संध्याकाळी तिथल्या लोकांनी आम्हाला वाळूत बसवून सगळं समजावून सांगितलं. एकट्यानं लांब जायचं नाही. मासळी साफ करतात, जाळी लावतात, त्या बाजूला फिरकायचं नाही. अंगावर जखम असेल तर उतरायचं नाही. होड्या बरोबर राहतील. दमलात, घाबरलात तर नुसता हात वर करा, लगेच उचलून घेऊ, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कुणीतरी शार्कचं विचारलं. होडीवाले हसले. आम्ही मुशी म्हणतो तिला, म्हणाले. जाळ्यात येतात अधूनमधून, पण माणसाच्या वाटेला जात नाहीत. तरी कुणाला दिसलीच तर ओरडा. मग आम्ही विचारत बसणार नाही, सगळ्यांना आधी बाहेर काढू.

मुशी. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

सकाळी समुद्र शांत होता. मी बरीच आत गेले, बरं चाललं होतं. मग चष्म्यातून खाली पाहिलं. तलावात खाली फरशी दिसते, तिच्यावर रेघा असतात, त्यांच्या आधारानं आपण सरळ जातो. इथं खाली काहीच नव्हतं. हिरवट अंधार — आणि त्याला तळ नाही. हातपाय माझे राहिले नाहीत. मान वर काढली तर नागमणीची केशरी टोपी दिसली. ती खडकाला वळसा घालून परतीला लागली होती. मी खडकापर्यंतही पोचले नव्हते.

हात वर करायचा होता, बस. मी केलाही. पण होडी जवळ येईस्तोवर डोक्यात काय चाललं होतं, सांगू? आता ती समोरून येणार. मला होडीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली बघणार. मीच जिला तरंगायला शिकवलं, ती. आणि परत गेल्यावर सगळी वस्ती विचारणार.

होडीवाल्यानं वाकून विचारलं, "काय झाला?"

मी म्हणाले, "मुशी."

"खंय?"

मी हात केला कुठंतरी. "तिकडं. मोठी होती. पाठ दिसली."

तिकडं काही नव्हतं. सावली नव्हती, लाटसुद्धा नव्हती. भास झाला म्हणावं, तर तसंही नाही. तसं म्हणता आलं असतं तर गेली कित्येक वर्षं मी सुखानं झोपले असते. मी घाबरले होते आणि मी खोटं बोलले. समजून उमजून.

मग शिट्ट्याच शिट्ट्या. सगळ्या होड्या सुटल्या, माणसं भराभर वर घेतली. नागमणी यायला तयार नव्हती. किनारा तिला समोर दिसत होता, किनाऱ्यावर श्रावणी उभी होती. दोघांनी दंडाला धरून तिला अक्षरशः ओढलं. ती चिडून रडत होती. मग कुणीतरी तिला मुशीचं सांगितलं. तिनं वळून पाण्याकडं पाहिलं, आणि तिचं रडणं एकदम थांबलं. तो चेहरा मी दुसऱ्या होडीतून बघत होते. तेव्हा सांगता आलं असतं ना? चारचौघांत थोडी छी-थू झाली असती, संपलं असतं.

किनाऱ्यावर येऊन ती माझ्या गळ्यात पडली. "शोभाक्का, तू वरडलीस म्हणून मी हाय की आज!" श्रावणी आम्हा दोघींना कवटाळून रडत होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

पाणी बंद झालं. लाल झेंडे लागले, पर्यटक निघून गेले, होड्या वाळूवर ओढून ठेवल्या. दुपारी कुणाच्या तरी जाळ्यात एक मुशी आली. ती आणून वाळूवर टाकली. माझ्या हाताएवढीही नव्हती. माणसं मोबाईल घेऊन गोळा झाली. पोट फाडलं तर आतून पिल्लं निघाली. मला पुढं बोलावून विचारलं, हीच का? मोठी होती असं मीच सांगितलेलं. तरी म्हणाले, "हीच असेल."

सोलापुरात एका मंडळानं माझा सत्कार केला. शाल, हार, प्रसंगावधान वगैरे. नागमणी माईकवर बोलली. म्हणाली, मांडीला काहीतरी खरखरीत घासून गेलं होतं तेव्हा. ती खोटं बोलत नव्हती. तिला ते खरंच आठवत होतं. मी हार हातात धरून ऐकत होते.

त्यानंतर ती तलावावर आली नाही. मी जात राहिले. पुढं नव्या बायकांना शिकवायलाही लागले, पाण्यात सुरक्षित कसं राहायचं यावर शाळांमधून बोलूही लागले. लोक बोलवायचे ते त्या मुशीमुळंच.

एकदा श्रावणी माझ्याकडं आली. "मावशी, तुम्ही आईला सांगा ना. तलावात कुठं मुशी असते? मला शिकायचंय." मी गेले. नागमणी मशीनवर बसली होती. मी विषय काढला तशी तिनं पाय थांबवला आणि माझ्याकडं बघितलं. "तूच बघितलीस ना ती? मग तूच कशी म्हणतीस, पोरीला पाण्यात घाल म्हणून?"

एक वाक्य पुरलं असतं. मी नव्हती बघितली — एवढंच. दार लावलेलं होतं, घरात तिसरं कुणी नव्हतं. मी चहा घेतला आणि घरी आले. श्रावणीला सांगितलं, आई नाही म्हणते गं.

श्रावणी कॉलेजात गेली. हिवाळ्यात मैत्रिणींबरोबर मंद्रूपकडं एकीच्या शेतावर हुरडा खायला गेली होती. खाऊन झाल्यावर हात धुवायला सगळ्या शेततळ्यावर गेल्या. त्या तळ्यांना आतून प्लास्टिक अंथरलेलं असतं, ते शेवाळून गुळगुळीत होतं. तिचा पाय सरकला. बरोबरच्या कुणालाच पोहता येत नव्हतं. शेतातल्या वस्तीवरून माणसं दोर घेऊन पळत आली, तोवर उशीर झाला होता.

लोक म्हणाले, त्या प्लास्टिकवरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. असेल. ते वाक्य मी बरेच दिवस धरून होते. पण ज्याला तरंगता येतं, तो दोर येईपर्यंत थांबू शकतो. हे मी शाळाशाळांतून मुलांना सांगत होते. फळ्यावर चित्र काढून सांगत होते.

त्या घरी बायका बसल्या होत्या. मी आत गेले तर नागमणीनं माझा हात धरला आणि सगळ्यांना सांगायला लागली, "हिनंच मला वाचवलं हुतं. शोभाक्का तितं असती, तर माझी पोरगी वाचली असती." बायकांनी सरकून मला तिच्याजवळ जागा करून दिली. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, दुःखानं.

सांगितलं तर ती कोसळेल, म्हणून गप्प राहिले — असं मी स्वतःला सांगत आले आहे. पण ते खरं नाही. ती कोसळलेलीच आहे. मी गप्प आहे, कारण ती मग माझ्याकडं कशी बघेल, ते मला बघायचं नाही.

तिला घरी झोप लागत नाही. मधूनमधून दुपारची माझ्याकडं येते. डब्यात शेंगाचटणी आणते, ओट्यावर ठेवते, आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगावर आडवी होते. "तुझ्याकडं आलं की डोळा लागतो बघ," म्हणते. आणि लागतोही, लगेच. मी दार लोटून घेते, पंखा वाढवते आणि तिच्या पायाशी बसून राहते. झोपेत तिचं तोंड जरासं उघडं राहतं. केस आता बरेच पिकलेत.

काल आली होती. उन्हं उतरल्यावर उठली. म्हणाली, "शोभाक्का, लई गाढ झोपले गं. चहा टाक की."

मी चहा टाकला.