स्वतःच्या औषधाची खोड सांगणारे डॉक्टर

मुरुड, श्रावण वद्य द्वितीया

गौरवग्रंथ समितीच्या पत्रांना इतके दिवस उत्तर दिले नाही, याची क्षमा असावी. डॉ. त्र्यंबकरावांविषयी लिहायला बसलो की हातून अतिशयोक्ती होते, आणि ती त्यांना खपत नाही. म्हणून कागद फाडत होतो.

ओळख झाली खोकल्यामुळे. इथल्या इंग्रजी शाळेत मी शिक्षक म्हणून नवा होतो. छाती तपासून ते म्हणाले, "मास्तर, हा आपोआप जाईल. औषध हवंच असेल तर देतो, पण चवीपलीकडे त्यात काही नाही." मी बाटली नेली. चवही नव्हती.

त्यांचा हा बाणा एकदा एका बाईंच्या जिवावर बेततो की काय, असे मला वाटले होते. पारूबाई बाजारात मासळी विकतात. चाळिशीच्या आतच त्यांच्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली. ती इतकी पसरली होती की कापून काढणे शक्य नव्हते. डॉक्टरांनी विलायती मासिकांत वाचलेला उपाय सुचवला : पोटातले बीजकोश, म्हणजे अंडाशय, काढायचे. मी बाहेर बाकावर होतो. मधला पडदा पारूबाईंच्या आवाजापुढे टिकणारा नव्हता.

"गाठ हाय छातीन, न पोट कनाला कापतां?"

"बीजकोशातून रक्तात एक रस उतरतो. नव्या पुस्तकांत त्याला हार्मोन म्हणतात. त्यावर गाठ पोसते. रस थांबला तर कदाचित ती आक्रसेल."

"कदाचित?"

"सगळ्यांनाच गुण येत नाही. आला तरी गाठ पुन्हा वाढू शकते. आणि पोट कापण्यात धोका आहे, तो निराळाच."

मी कपाळाला हात लावला. हे ऐकून बाई उठून जाणार आणि जिवाला मुकणार!

"डाक्तर," पारूबाई म्हणाल्या, "आमी कालचा बोंबील पन आताच उतरला म्हनून इकतंव. आपल्या मालाची खोड आपल्या तोंडानं सांगनारे तुमीच पयले. कापा!"

शस्त्रक्रिया मुंबईस व्हायची होती. डॉक्टर स्वतः आगबोटीने सोबत निघाले आणि त्यांना बोट लागली. पारूबाईंनी त्यांचे डोके धरले, लिंबू हुंगायला दिले. "पेशंट कोन, तुमी का मी?" असे त्या मुंबई येईपर्यंत विचारत होत्या. हे डॉक्टरांनीच सांगितले, म्हणून लिहितो. इतके होऊनही पारूबाईंना परत आणायला ते पुन्हा आगबोटीनेच गेले.

हळूहळू गाठ आक्रसली. पारूबाई पाटी घेऊन बाजारात बसू लागल्या. इथे मी 'डॉक्टरांनी त्यांना बरे केले' असे लिहिले होते. पण डॉक्टर म्हणतात, "आक्रसली आहे, मास्तर. गेली म्हणू नका." म्हणून खोडले. अधूनमधून तपासावे लागतेच.

डॉक्टरांच्या साठीच्या सत्काराचे कळल्यावर पारूबाई म्हणाल्या, "साठच झाली? शंभर कराय सांगा. मना दुसरा डाक्तर नको, तो गोड बोलंल."

त्र्यंबकरावांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यांच्याकडून तपासून घ्यायला पारूबाईंनाही तितकीच वर्षे मिळोत. यात अतिशयोक्ती नाही, इच्छा आहे.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, आणि मासळीच्या घाईत पारूबाईंनी तपासणीचा दिवस चुकवला आहे.

उद्याचे काम : सकाळी बाजारात जाऊन त्यांना पाटीसकट दवाखान्यात आणणे.