खारीच्या बांधावरची हजेरी

“खाली बसा. डोकी वर दिसता कामा नयेत.”

खोतांचा कारभारी असं म्हणाला आणि आम्ही बसलो. बांधाच्या खाडीकडच्या अंगाला, कांदळाच्या झाडीत, चिखलात. बायका, पुरुष, म्हातारे. भरती चढत होती. पाणी आधी घोट्याला लागलं, मग मांडीला. का बसायचं, हे कुणी विचारलं नाही. खोतांनी सांगितलं होतं, तेवढं पुरे होतं.

बांध आम्हीच घातलेला. मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढल्या वर्षी उधाणाने जुना बांध फोडला आणि खारं पाणी खारीत, आमच्या भातशेतीत, शिरलं. खोतांनी वेठीला बोलावलं. वेठ म्हणजे त्यांनी बोलवायचं आणि कुळांनी फुकट राबायचं. थंडी पडल्यापासून शिमग्यापर्यंत मी डोक्यावरून चिखलाच्या पाट्या वाहिल्या. नवरा मुंबईला गिरणीत. घरात मी आणि सासरा. त्याची पाठ वाकलेली, तरी दगड लावायला तोच पुढे.

त्या सकाळी रत्नागिरीहून मामलेदार आधी आमची घरं आणि मग बांध बघायला आले. आमच्या डोक्यावर, दोन हातांवर, त्यांच्या बुटांचा आवाज. त्यांच्या कारकुनाने कागद वाचला. बांधासाठी सरकारने मदत दिली आहे. जे राबले त्यांना मजुरी मिळाली पाहिजे. ती मिळाली का, हे साहेब समक्ष विचारणार आहेत.

मदत. मजुरी. हे शब्द मी पाण्यात बसून पहिल्यांदा ऐकले.

मग कारकून नावं पुकारायला लागला. सासऱ्याचं नाव आलं. वरून कुणी म्हणालं, “हजर. मजुरी पावली.” आवाज खोतांच्या गड्याचा. सासऱ्याने ऐकलं.

मग माझं नाव.

“हजर,” खोतांकडची मोलकरीण म्हणाली. “पावली.”

मला राग आला, असं सांगायला बरं वाटलं असतं. आला नाही. काहीच आलं नाही. पाय बधिर झाले होते, तसंच आत सगळं. एवढंच कळलं की मी इथे चिखलात आहे आणि वर माझ्यावाचून माझं सगळं चाललंय.

मी उठले. सासऱ्याने पदर धरला. “बस गो पोरी. जमीन जायल.”

ज्याच्यासमोर कधी मान वर केली नव्हती, त्याच्या हातातून मी पदर ओढून घेतला. बांध चढले.

“ह्यो बांध आमी घातलाय,” मी म्हणाले. “आमाला कायएक मिळालेला नाय.” आणि माझं नाव सांगितलं.

कारकून कागदाकडे बघत राहिला. मोलकरणीने मान खाली घातली. खोत हसले.

“खुळी आहे, रावसाहेब. नवरा मुंबईस, हिचं डोकं ठिकाणावर नाही.”

साहेबांनी माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. “चला पुढे,” म्हणाले. कागदावर सही झाली. खाली बसलेल्यांतलं एकही माणूस उठलं नाही. त्याचं दुःख मला अजून आहे.

आठ दिवसांत खोतांनी आमची खारजमीन दुसऱ्या कुळाला दिली. सासरा माझ्याशी बोलेनासा झाला. गावाने मला खुळीच ठरवलं. खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून, विकून मी दोघांचं पोट भरू लागले.

पुढल्या उधाणाला कारभारी दारात उभा.

“बांधाला भोक पडलंय. पाटी घे, चल लवकर.”

“नाय येत.”

“सगळी खार बुडेल.”

“बुडू दे. कागदावर माझ्या नावाची बाई हाय ना? तिला बोलवा.”

तो उंबऱ्याशी आला. मग शांतपणे म्हणाला, “घर खोतांच्या जागेत आहे. तेही सोडावं लागेल.”

मी सासऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

“सोडू,” मी म्हणाले. “पण फुकट राबायला ह्या घरातनं कोण येणार नाय.”

आणि कारभाऱ्यादेखत मी भांडी बांधायला घेतली.