एकटीला बसवता येणारं दार

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर तर कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं. त्याबद्दल माफ करावं. खरं म्हणजे कुणी वाचावं म्हणून मी लिहीतच नाही. रेखाची कॉलेजातली अर्धी कोरी वही घरात पडून होती, तिच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. मला तोंडानं बोलायला पहिल्यापासून जमत नाही. चार माणसांत नाव विचारलं तरी मी शेजारच्या बाईकडं बघते, तिनं सांगावं म्हणून. अक्का गेल्या त्याला आता सहा आठवडे झाले. त्यांच्याशी बोलायचं जे राहिलं ते ठेवायला दुसरी जागा सापडेना…

फोन आला तेव्हा भट्टीचं दार माझ्या हातात होतं. सकाळचे सात-साडेसात झाले असतील. दार खाली बसलं होतं, वर बसायचं राहिलं होतं. फळीवर फोन वाजत होता. दार धरून फोन घेता येत नाही आणि दार उतरवलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी आधी दार बसवलं, पदराला हात पुसले आणि मग फोन घेतला. पलीकडं रेखा होती, अक्कांची मुलगी. "काकू…" एवढंच म्हणाली आणि पुढं नुसता दवाखान्यातला आवाज येत राहिला, कुणाच्या तरी चपलांचा, कुठलीतरी गाडी ढकलल्याचा. मी दार बसवत होते तेवढ्या वेळात अक्का माझ्यासाठी अजून होत्या, असं मला नंतर वाटत राहिलं. जास्त वेळ लावायला हवा होता. पण ते दार झटकन बसतं. अक्कांनीच ते तसं करून घेतलं होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, महादेवी. माहेर अक्कलकोटच्या पुढचं, कर्नाटकाच्या शिवेवरचं, त्यामुळं बोलताना मध्येच कन्नड यायचं. उंच, हाडापेरानं मोठ्या, आवाज अंगणाच्या पलीकडं जाणारा. मी त्यांच्या खांद्याला लागते. आमचे मोठे दीर लवकर वारले. माझे मालक चादरीच्या कारखान्यात. एका अंगणात आमच्या दोन खोल्या, त्यांच्या दोन. दीर गेल्यावर अक्कांनी कडक भाकऱ्या करून विकायला सुरुवात केली आणि एक दिवस माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "सुमे, तुझ्या हातची भाकरी कागदासारखी पातळ होतीया. पाव्हण्याला वाढून वाया घालवू नगंस. चल माझ्यासंगं." असं आमचं काम सुरू झालं. मी थापायची आणि तव्यावर भाजायची, अक्का त्या भट्टीत लावून कडक करायच्या. शेंगाचटणी त्या कुटायच्या, दुकानदारांशी त्या बोलायच्या. मी पिठाशी बोलायची.

भट्टी म्हणजे गॅसवरचं पत्र्याचं कपाट, आत पाच ट्रे. जुन्या बाजारातून आणलेलं. आमची खोली बोळासारखी अरुंद, त्यामुळं भट्टीचं दार अर्धंच उघडायचं, पुढं भिंत. रोज सकाळी दार पुरतं काढल्याशिवाय मागचा कोपरा हाताला लागत नसे, आणि कोपऱ्यातला चुरा झाडला नाही तर तो जळून नव्या भाकरीला वास लागायचा. दार काढायला सोपं होतं, उचललं की निघायचं. बसवताना मात्र जीव जायचा. भट्टीच्या चौकटीवर दोन खिळी उभ्या, एक वर, एक खाली, अगदी सारख्या. दाराच्या दोन्ही नळ्या एकाच वेळी त्यांत उतरल्या पाहिजेत. वरची जुळवावी तर खालची निसटायची. दुहेरी पत्र्याचं दार, आत गरमी धरून ठेवायला भरलेलं, वजन पाण्यानं भरलेल्या हंड्याएवढं. एकदा माझ्या पायावर पडलं आणि अंगठ्याचं नख गेलं ते गेलंच.

म्हणून दोघी लागायच्या. अक्का बाहेरच्या अंगानं दार उचलून धरायच्या, मी दार आणि भट्टीच्या मध्ये बसून खालची नळी जुळवायची. मध्ये दार असल्यामुळं एकमेकींची तोंडं दिसायची नाहीत. "आलं का?" "थोडं तुमच्याकडं." "माझ्याकडं म्हंजे कुटं गं, मी चारी अंगांनी हाय हितं." दोन्ही खिळी बसल्या की त्या म्हणायच्या, "साकु." त्यांच्या भाषेत पुरे.

त्या दाराआड मला बोलता यायचं. का ते मला नीट सांगता येत नाही. समोर डोळे नसले की माझी जीभ सुटते. चौथीनंतर शाळा सुटली त्या दिवशी मी पाटी पिठाच्या डब्यात लपवली होती, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ते दाराआडून अक्कांना सांगितलं. पोटात राहिलेलं दोनदा गेलं, त्याबद्दल मालकांशीसुद्धा कधी बोलले नाही… तेही तिथंच. अक्का मध्ये बोलायच्या नाहीत. नुसतं दार धरून उभ्या राहायच्या, हात भरून आले तरी. बोलून झालं की विचारायच्या, "झालं? बसवू आता?" नऊ वर्षं असं चाललं.

मागच्या दिवाळीनंतर अक्कांना धाप लागायला लागली. भट्टीची गरमी म्हणून मी पंखा त्यांच्याकडं फिरवून द्यायची. एक दिवस दुपारी मी पिठाचा डबा घेऊन येत होते, तर खोलीत अंबादासअण्णा बसलेले. ते पूर्वी मागावर दुरुस्तीची कामं करायचे, आता त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. अक्का त्यांना सांगत होत्या, "एकटीला बसवता आलं पायजे. दुसरी बाई लागायची न्हाई, असं दार करून द्या."

मी उंबऱ्यातूनच मागं फिरले.

आमच्या गल्लीत तीन घरं अशीच फुटली होती. आधी काम वेगळं, मग चूल वेगळी, मग अंगणात भिंत. मला वाटलं, अक्कांना आता माझी गरज राहिली नाही. रेखाच्या लग्नानंतर त्यांना सगळं आपल्या एकटीचं हवं झालं. मी विचारलं नाही. विचारायला माझ्याकडं दाराएवढीच जागा होती, आणि त्या तीच काढून टाकायला निघाल्या होत्या. मी दाराआड बोलायचं बंद केलं. "आलं का?" "आलं." तेवढंच.

अंबादासअण्णांना त्यांनी फार पिडलं. मी तिकडं पाठ करून भाकरी थापत सगळं ऐकत होते. अण्णा म्हणाले, "ताई, खिळी सारख्याच असतात सगळीकडं." तर अक्कांनी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यात आगपेटीच्या दोन काड्या खोचल्या, एक अख्खी, एक मोडून अर्धी. "आमच्या म्हायेरी जातं हाय. वरचा दगड ठेवताना आधी मधली खीळ सापडवायची, मग दगूड आपोआप फिरून बसतो. दोन ठिकाणी कुठलं बघायचं होतंय बाईला? एक सापडलं की दुसरं त्याच्या मागनं आलं पायजे." खालची खीळ लांब करायची, वरची आखूड. खालची आधी नळीत गेली की दार तिथं उभं राहतं, मग हलकेच फिरवत वरची जुळवायची. अण्णांनी पुठ्ठा हातात घेऊन दोनदा लावून काढला आणि हसले. "इंजिनिअरच्या पोटी जन्माला यायला पाहिजे होतं तुम्ही." अक्का म्हणाल्या, "कुटं जन्मायचं ते कुणी इचारलं असतं तर आले असते की."

पहिलं दार थंड असताना बसलं, पण भट्टी तापल्यावर लोखंड फुगून अडकलं. मग नळ्या थोड्या सैल केल्या, तर कडेनं वाफ निघून भाकऱ्या एका अंगानं मऊ राहिल्या. तिसऱ्या वेळी अण्णांनी खिळींची टोकं पेन्सिलीसारखी निमुळती केली, बुड जाड ठेवलं. शिवाय दाराखाली चौकटीला चार बोटं रुंद पट्टी लावली, उचललेलं दार आधी त्यावर टेकवायला. त्याच सुमारास अक्कांनी एकदा मला उभं करून टेप लावली. खांद्यापासून कोपरापर्यंत, कोपरापासून जमिनीपर्यंत. "ब्लाउजचं माप घेती." ब्लाउजला जमीन कशाला लागते, असं मनात आलं, पण मी तेव्हा बोलत नव्हते. ब्लाउज काही आला नाही.

दाराचे पाच हजार झाले, ते अक्कांनी दिले. मी त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही नको तिथं. "निम्मे मी देईन. उपकार नकोत मला कुणाचे." अक्का म्हणाल्या, "दे की. सावकाश दे. मी कुटं पळून चाललेय?"

त्यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती आणि डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून धाप लागली तेव्हाच बजावलं होतं, हे मला रेखानं त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं. त्या दहा दिवस तिथं होत्या. मी रोज डबा घेऊन जायची. पलंगाच्या एका अंगाला त्या, एका अंगाला मी, मध्ये काही नाही. त्यांचे डोळे सरळ माझ्याकडं. मला म्हणायचं होतं, अक्का, मी चुकले, मला वाटलं तुम्ही मला तोडताय. मी डब्याचं झाकण लावत बसायची. शेवटच्या दिवशी त्यांनीच विचारलं, "दार बसतंय का गं?" मी म्हणाले, "बसतंय." त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मध्ये ते दार असतं तर मी बोलले असते…

दिवस झाल्यावर मी काम पुन्हा सुरू केलं. भट्टी झाडून दार उचलायला वाकले तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. दाराच्या दोन्ही मुठी माझ्या कोपराला बरोबर येत होत्या. अक्कांना त्या धरायच्या तर कमरेतून वाकावं लागलं असतं. खालची पट्टीही मला दार उचलून टेकवता येईल अशाच उंचीवर. रोज हात लावत होते, पण रागाच्या भरात दिसलं नव्हतं. मी अण्णांकडं गेले, काही न विचारता नुसती उभी राहिले. ते वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मी विचारलं होतं, ताई, मूठ तुमच्या मापाची नको का? त्या म्हणाल्या, माझं माप कशाला, मी किती दिवस बसवणार?"

त्यांच्या हयातीत मी हजार दिले होते, पुढं रेखाच्या हाती आठशे. राहिले होते सातशे. आज सकाळी रेखा सासरहून आली. मी दार बसवतच होते. ती लहानपणी आईशेजारी उभी राहायची तशी पुढं आली आणि बाहेरच्या अंगानं तिनं दार धरलं. एकटीला जमतं, असं ओठावर आलं होतं. पण मी धरू दिलं. मग दाराआडून म्हणाले, "रेखा, मी तुझ्या आईशी दोन महिने नीट बोलले नाही. मला वाटलं त्यांना वेगळं व्हायचंय. माझं चुकलं गं." दार हललं नाही, तिनं ते तसंच धरून ठेवलं होतं. मग म्हणाली, "झालं, काकू? बसवू आता?"

खालची खीळ गेली, वरची तिच्या मागून गेली. मी हात धुतले आणि फळीवरचे सातशे रुपये तिच्यापुढं धरले. मला वाटलं ती नको म्हणेल. पण तिनं घेतले, पर्समध्ये ठेवले. म्हणाली, "आईनं सांगितलं होतं, काकूनं पैसे आणले की गुमान घे, नको म्हणू नको. एक रुपया राहिला तरी ती माझ्याम्होरं मान वर करायची न्हाई."

अडीच हजार पूर्ण झाले. आज शेवटचे दिले.