नानांचा लाल झेंडा

आमचे नाना ओव्हरसियर माणसाच्या तोंडाकडे बघून कधी बोलले नाहीत. जमिनीकडे बघून बोलायचे. समोर साहेब असो की रोलरचा ड्रायव्हर, नानांची नजर त्याच्या पायांच्या आसपास फिरत असायची आणि मध्येच ते म्हणायचे, "इथं पाणी साठणार बरं का." साठायचंच. नगरच्या बांधकाम खात्यात मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं कारकुनी केली. त्यांचं सहसा कुणी ऐकायचं नाही, आणि एकदा सांगितलेलं ते दुसऱ्यांदा सांगायचे नाहीत.

असल्या माणसाला गोल्फचा नाद लागावा, हे आम्हाला कधी पटलं नाही. भिंगारच्या छावणीत रस्त्याचं काम चालू असताना तिथल्या एका मेजरने त्यांना खेळ शिकवला आणि बदली झाली तेव्हा तीन काठ्या अन् ओंजळभर चेंडू देऊन तो मोकळा झाला. तेव्हापासून रविवारी नाना सावेडीच्या माळावर एकटेच. खुरप्याने खळगा करायचा, त्यात लाल फडक्याची काठी रोवायची, पावलं मोजत मागे यायचं, बोटभर खुंटी ठोकून तिच्यावर चेंडू ठेवायचा आणि हाणायचा. फडकं खात्याचंच, नव्या कामाच्या आखणीच्या वेळी लावतात ते. "यात मजा काय येते?" मी एकदा विचारलं. नाना माझ्या चपलांकडे बघत म्हणाले, "कुणी काही विचारत नाही."

ते निवृत्त झाले ते बहात्तरच्या दुष्काळात. नानी आदल्या वर्षी गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. निरोपाचा हार गळ्यातच होता तेव्हा ते मला म्हणाले, "तीस वर्षं जिल्ह्यात रस्ते केले. त्यांच्यावरून नुसतं फिरायला म्हणून कधी गेलो नाही." मग जुनी स्कूटर दुरुस्त करून घेतली, काठ्या छत्रीच्या कापडात गुंडाळून मागे बांधल्या आणि एकटे निघाले. पाथर्डी, शेवगाव, नेवासा, संगमनेर करत भंडारदऱ्याला पोचायचं, जिथे नोकरीचा पहिला दिवस गेला होता. वाटेत मुक्काम पडेल तिथे एक डाव. बस्स.

दुष्काळी कामांसाठी मला तेव्हा पाथर्डीच्या कचेरीत पाठवलं होतं. रोज सकाळी दारात माणसं येऊन बसत. त्यांना एकच हवं असे, आपल्या गावात काम निघावं. खडी फोडू, माती वाहू, काहीही करू. दिवसभर "वरून मंजुरी नाही" एवढंच सांगून माझ्या घशाला कोरड पडे. अशा एका दुपारी नाना समोर उभे राहिले. चेहरा धुळीने माखलेला. म्हणाले, "माझ्या हातून एक घोटाळा झालाय."

झालं होतं ते असं. पाथर्डीच्या पुढच्या एका गावी ते खात्याची ओळख सांगून चावडीत उतरले आणि संध्याकाळी माळावर खेळायला गेले. खळगा केला, झेंडा रोवला, पावलं मोजली, खुंटी ठोकली. सकाळी उठून बघतात तो चावडीसमोर दीडशे माणसं, कुदळी आणि पाट्या घेऊन. पुढे सरूबाई नावाची एक म्हातारी. गावात तिच्या शब्दाला मान होता.

"नावं लिवून आनल्यात, सायेब. काम कवा सुरू करायचं?"

"कसलं काम?"

"आता कसलं म्हून इच्यारता व्हय? झेंडा लावला, खुटी ठोकली, पावलं मोजली. आखनी झाली न्हवं?"

"मी खेळत होतो, एवढंच सांगायचं होतं," नाना मला म्हणाले. "जीभच वळेना रे. बायाबापड्यांच्या हातात कुदळी, आणि मी म्हणू खेळत होतो?"

मी म्हटलं, "सोडून द्या नाना. तुम्ही आता नोकरीत नाही." त्यांनी माझ्याकडून कोरे कागद मागून घेतले, खात्यातल्या ओळखीवर पातळी बघायची दुर्बीण मिळवली आणि परत गेले. त्या माळावर पाझर तलाव बसतो असं त्यांचं म्हणणं. एकट्याने मोजमाप घेतलं, नकाशा काढला, अंदाजपत्रक केलं. निवृत्त माणसाची सही चालत नाही म्हटल्यावर ते एका तरुण इंजिनिअरच्या दारात जाऊन बसले. "तुमचंच काम म्हणून सही करा, माझं नाव कुठे नको." ज्या खात्यात जन्म काढला, त्याच्या बाकावर दिवसच्या दिवस बसलेले नाना मला बघवत नव्हते. मी माझ्या परीने त्यांचा कागद ढिगात वर ठेवत राहिलो. कारकून दुसरं काय करणार?

अठराव्या दिवशी मंजुरी आली. कुदळ पडली त्या संध्याकाळी नाना कचेरीच्या पायरीवर माझ्याबरोबर चहा प्यायला बसले. 

"आज सरूबाईला खरं सांगून टाकलं. म्हटलं बाई, मी त्या दिवशी खेळत होतो. ती काय म्हणाली माहितेय? 'ठावं हाय, सायेब. रजंवर आलेल्या फौजीनं त्याच सांजंला वळखलं. छावनीत सायेबलोक ह्योच खेळ खेळत्यात म्हनला.'"

"मग कुदळी घेऊन कशाला आले सगळे?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, 'धा अर्ज केले, एक सायेब फिरकला न्हाई. तुमी आपसूक आला. मंग सोडायचं कसं?'"

मी हसलो. नाना हसले नाहीत.

"भंडारदऱ्याला कधी निघताय?"

"राहू दे. दमलो आता. उद्या नगरला परत." ते घरी गेले ते पुन्हा कुठे निघालेच नाहीत. तलावाला पहिलं पाणी आलं तेव्हा नाना हयात नव्हते. मला ती गोष्ट अजून लागते.

पण त्या संध्याकाळी ते उठेनात. कप बाजूला ठेवला आणि म्हणाले, "तुला एक सांगतो. तुझ्याकडून कागद घेऊन गेलो, त्याच्या तिसऱ्याच दिवशी मी पळून जाणार होतो. पहाटे सामान स्कूटरला बांधलं, आणि वळतो तो सरूबाई दारात. हातात तांब्या. दोन कोसांवरून पाणी आणतात रे ती माणसं. म्हणाली, 'तोंड धुवा, सायेब, मंग कामाला लागा.' सामानाकडे तिने बघितलंसुद्धा नाही."

मग नानांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "मी निघालो होतो हेही तिला कळलं असेल का रे?"

"नसेल, नाना," मी म्हणालो. त्यांना ते खरं वाटलं नाही, आणि मलाही.