दाजींचा पारखी डोळा

१७ मार्च २००३. पॉलिश केलेली हळद मी पोत्यात भरत होते आणि दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पाटावर बसून तिला नावं ठेवत होते. देवानं निर्माण केलेली एकही वस्तू दाजींना पसंत पडलेली नाही. लग्नात मिळालेल्या अंगठीतही त्यांनी खोट काढली आणि नंतर ती कधी बोटातून काढली नाही. पारख करताना उजवा डोळा मिटायचा आणि डाव्यानं बघायचं, ही त्यांची रीत. "दोन्ही डोळ्यांनी बघितलं की मन फसतंय," म्हणायचे. वसमतच्या बाजारात माल नेण्याआधी निम्मं गाव त्या डाव्या डोळ्यासमोर हळकुंड धरायचं.

त्या वर्षी मात्र त्यांनी कहर केला. अख्ख्या गावाची हळद फिकी ठरवली. बहिणीच्या नव्या लाल लुगड्याला विटकं म्हणाले, तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नव्हती. आता माझ्या हळदीची पाळी होती.

"सुमनबाई, ही हळद न्हाई, माती हाय. शिजवताना झोपल्या व्हत्या काय?"

उत्तर द्यायला मी त्यांच्या मागून वाकले. वरून पाहताना त्यांचा डावा डोळा भुवईच्या पुढे आलेला दिसत होता. उजवा आपल्या जागी होता. पोतं तसंच उघडं टाकून मी त्यांना वसमतला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. वाटेत त्यांनी एसटीच्या रंगालाही सोडलं नाही.

डॉक्टरबाईंनी दाजींचा डावा डोळा झाकून औषधाच्या बाटलीचं लाल झाकण उजव्या डोळ्यासमोर धरलं. लाल, दाजी म्हणाले. मग उजवा डोळा झाकून तेच झाकण डाव्यासमोर धरलं.

"हे दुसरं हाय. उन्हात पडून विटलेलं."

"तेच आहे, काका."

"बाई, मी रंग पारखणारा माणूस. काहून फसवून राहिल्या?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, तेच आहे.

मग बॅटरी आली. उजव्या डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहान व्हायच्या; तोच उजेड डाव्यावर नेला की मोठ्या. उजेडात बाहुली मोठी होताना मी जन्मात पाहिली नव्हती. डोळ्यामागच्या नसेवर गाठ असावी, डॉक्टरबाई म्हणाल्या. उद्याच नांदेडला जाऊन स्कॅन करा, नजर किती वाचेल ते मग कळेल. परतताना दाजींनी कशालाच नावं ठेवली नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नांदेडच्या गाडीआधी, मी त्या उघड्या पोत्यातलं एक हळकुंड मोडलं. दाजींचा डावा डोळा तळहातानं झाकला आणि हळकुंड उजव्यासमोर धरलं. त्यांनी तुकडा हातात घेऊन उजेडाकडे फिरवला.

"कुणाची ही?"

"कालची माती."

त्यांनी ते तुकडे सदऱ्याच्या खिशात टाकले. "गावात सांगून टाका," म्हणाले, "औंदा हळद चांगली हाय."

त्यांच्या तोंडून 'चांगली' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. पोत्याचं तोंड शिवलं आणि आम्ही निघालो.